आकडा खरा, पण कशाचा?

ग्रहांविषयी आपल्याकडे जे छापले जाते त्याचा मोठा भाग विक्रमांच्या यादीने व्यापलेला असतो. सर्वांत मोठा गुरू, सर्वांत उष्ण शुक्र, पाण्यावर तरंगेल असा शनी, कुशीवर पडलेला युरेनस. सामान्यज्ञानाच्या पुस्तिका, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, अंकांतली बालविभागाची पाने आणि सकाळच्या शुभेच्छांबरोबर येणारे ढकलसंदेश या सगळ्यांत तीच दहा-बारा वाक्ये फिरत असतात. ती बहुतेक खरी असतात. माझी तक्रार त्यांच्या खरेखोटेपणाबद्दल नाही.

ग्रहाविषयीच्या कुठल्याही आकड्याला तीन आधार असतात. तो कशाच्या संदर्भात मोजला, ही त्याची अट. तो कळला कसा, हा त्याचा पुरावा. आणि तो तेवढाच का, हे त्याचे कारण. यादी करताना हे तिन्ही आधार आधी गळतात आणि आकडा तेवढा उरतो. यात फार काही बिघडत नाही, माहिती थोडी कोरडी होते इतकेच, असा सर्वसाधारण समज आहे. तो मला उथळ वाटतो. आधार काढून घेतलेला आकडा वाचकाला बरेचदा चुकीच्या ग्रहाकडे घेऊन जातो. शिवाय उद्या तो आकडा बदलला तर नेमके काय बदलले हे त्या वाचकाला सांगता येत नाही.

## १. अट

### शुक्राला दिलेला बुधाचा मान

‘शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो’ हे यादीतले सर्वांत लाडके वाक्य. स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला शुक्राला पृथ्वीवरचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण २४३ दिवसांची फेरी ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेली आहे आणि ‘दिवस’ म्हणताना वाचकाच्या मनात असतो सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा काळ. शुक्राचे परिवलन इतर बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने होते. त्यामुळे परिवलन आणि परिभ्रमण दोन्ही मिळून सूर्याला आकाशात एकाच दिशेने ढकलतात. १/२४३ आणि १/२२५ यांची बेरीज करून ती उलटवली की सुमारे ११७ दिवस येतात. म्हणजे शुक्राच्या एका वर्षात जवळजवळ दोन दिवस मावतात. ढग इतके दाट आहेत की तिथल्या जमिनीवरून सूर्याचे बिंब दिसायचे नाही, ही गोष्ट वेगळी.

आता बुध घ्या. परिवलन सुमारे ५८.६५ दिवसांचे, परिभ्रमण ८८ दिवसांचे. इथे दोन्हींची दिशा एकच, म्हणून बेरजेऐवजी वजाबाकी करायची. उत्तर येते १७६ दिवस, बरोबर दोन बुधवर्षे. सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत तिथे दोन वर्षे उलटतात. दिवस वर्षापेक्षा मोठा असण्याचा मान रूढ अर्थाने बुधाचा आहे, पण याद्या तो शुक्राला देऊन मोकळ्या होतात.

या वजाबाकीच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बुधाची कक्षा बरीच लंबगोल आहे. सूर्याच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे ४.६ कोटी किलोमीटरवर आला की त्याचा कक्षेतला कोनीय वेग परिवलनाच्या वेगालाही मागे टाकतो. त्या दिवसांत बुधाच्या आकाशातला सूर्य चालता चालता थबकतो, थोडा मागे जातो आणि मग पुन्हा पुढे सरकू लागतो. बुधावरच्या काही ठिकाणी ही उलटी चाल ऐन सूर्योदयाला घडते. पृथ्वीवरून दिसतो त्याच्या तिपटीहून रुंद सूर्य क्षितिजावर येतो, पुन्हा खाली बुडतो आणि दुसऱ्यांदा उगवतो. यादीतल्या ‘५९ दिवस’ या नोंदीत हे काहीच नसते.

### शेजारी कोण?

पृथ्वीला सर्वांत जवळचा ग्रह शुक्र, हेही असेच. शुक्र आपल्यापासून चार कोटी किलोमीटरच्याही आत येतो, इतका जवळ दुसरा कुठलाच ग्रह येत नाही. पण तोच सूर्यापलीकडे गेला की सुमारे २६ कोटी किलोमीटरवर असतो. दीर्घकाळाची सरासरी काढली तर शुक्र १७ कोटींच्या आसपास पडतो आणि बुध साडेपंधरा कोटींच्या. लहान कक्षेत फिरणारा बुध सूर्याला सोडून फार लांब जात नाही, म्हणून आपल्यापासूनही फार लांब जात नाही. याच कारणाने सरासरीच्या हिशेबात तो सातही ग्रहांचा सर्वांत जवळचा शेजारी ठरतो, अगदी नेपच्यूनचासुद्धा. ‘सर्वांत जवळचा’ म्हणजे जास्तीत जास्त जवळ येणारा की सरासरीने जवळ राहणारा, हे ठरवल्याशिवाय प्रश्नाला उत्तरच नाही.

उपग्रहांच्या शर्यतीबद्दल थोडक्यात. २०१९ मध्ये शनीने गुरूला मागे टाकले, २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे गेला, त्याच वर्षी शनी पुन्हा पुढे आला आणि मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ उपग्रहांची भर पडून शनीचा आकडा २७४ झाला. एवढ्या वर्षांत शनीभोवती काही नवे जन्मले नाही. काही किलोमीटर व्यासाचे ढेकळ कोट्यवधी किलोमीटरवरून टिपण्याची आपल्या दुर्बिणींची ताकद तेवढी वाढली. ‘शनीला किती उपग्रह?’ हा निम्मा प्रश्न शनीचा आणि निम्मा दुर्बिणीचा आहे.

## २. पुरावा

### पाऊण शतक चाललेली चूक

बुधाचे ५८.६५ दिवसांचे परिवलन १९६५ साली कळले. त्याआधी पाऊण शतक जगभरची पुस्तके ते ८८ दिवसांचे सांगत होती. चंद्र जशी आपल्याला एकच बाजू दाखवतो तशी बुध सूर्याला दाखवतो, असा निष्कर्ष इटलीच्या जोव्हानी स्किआपरेल्लीने १८८९ मध्ये जाहीर केला होता आणि नंतरच्या निरीक्षकांना तो पटत गेला. मग बुधाची एक बाजू कायमची भट्टी आणि दुसरी कायमच्या काळोखात गोठलेली, हे त्या काळच्या ‘रंजक माहिती’त जाऊन बसले.

स्किआपरेल्ली कच्चा निरीक्षक नव्हता. बुध सूर्याच्या इतका जवळ असतो की त्याचे वेध घ्यायला चांगली संधी क्वचित मिळते. तशा संधी साधारण ३४८ दिवसांच्या अंतराने परत येतात. एवढ्या काळात ५८.६५ दिवसांच्या सुमारे सहा फेऱ्या होतात आणि ८८ दिवसांच्या सुमारे चार. म्हणजे परिवलन ८८ दिवसांचे धरा की ५८.६५ दिवसांचे, दुर्बिणीतून पाहणाऱ्याला दरवेळी जवळपास तेच डाग तिथेच दिसणार. निरीक्षणे खरी होती, पण दोन उत्तरांतून एक निवडण्याची ताकद त्यांच्यात नव्हती.

ती ताकद रडारमध्ये होती. पोर्तो रिकोमधल्या अरेसिबो इथल्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून गॉर्डन पेटेंगिल आणि रॉल्फ डाइस यांनी बुधाकडे रेडिओलहरी सोडल्या. फिरणाऱ्या ग्रहाची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, त्यामुळे परतलेल्या प्रतिध्वनीची वारंवारता दोन्ही बाजूंना पसरते. हा पसारा मोजला की परिवलनाचा वेग मिळतो. मग जुझेप्पे कोलंबोने दाखवून दिले की हा काळ ८८ च्या बरोबर दोन तृतीयांश आहे, म्हणजे सूर्याभोवतीच्या दोन फेऱ्यांत बुध स्वतःभोवती तीन फेऱ्या घेतो. यादी पाठ केलेल्याला १९६४ मधले ८८ आणि १९६६ मधले ५९ सारखेच दिसतात, एक आकडा जाऊन दुसरा आला इतकेच.

### जुळलेला आकडा म्हणजे पुरावा नव्हे

युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेवरून जरा ढळतो, यावरून फ्रान्सच्या ल व्हेरिएने पलीकडच्या अज्ञात ग्रहाची आकाशातली जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गालेला त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. हाच ल व्हेरिए १८५९ मध्ये बुधाकडे वळला हे मात्र यादीत नसते. बुधाच्या कक्षेचे सूर्याला सर्वांत जवळचे टोक हळूहळू फिरते आणि त्यातल्या थोड्या भागाचा हिशेब लागत नव्हता. त्याने तीच युक्ती पुन्हा वापरली आणि बुधाच्या आत ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह मानला. तो पाहिल्याचे दावेसुद्धा झाले. व्हल्कन नव्हताच. शंभर वर्षांत ४३ विकलांची ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने सुटली. माणूस तोच, पद्धत तीच. एकदा ग्रह मिळाला आणि एकदा न्यूटनच्या गुरुत्वनियमाची मर्यादा उघडी पडली.

या संदर्भात व्यंकटेश बापूजी केतकरांचा विषय टाळता येणार नाही. ‘ज्योतिर्गणितम्’ लिहिणाऱ्या या मराठी गणितज्ञाने १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे अनुमान मांडले. त्यांतल्या ‘ब्रह्मा’चे सूर्यापासूनचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि परिभ्रमणकाळ २४२.२८ वर्षे दिला. १९३० मध्ये प्लुटो सापडला, त्याचे अंतर सुमारे ३९.५ पट आणि काळ २४८ वर्षे. यावरून ‘केतकरांनी प्लुटो आधीच सांगितला होता’ हे वाक्य आपल्याकडे अधूनमधून अभिमानाने फिरते.

केतकरांच्या गणिती आवाक्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण हे वाक्य मला मान्य नाही. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला आढळलेल्या प्रमाणांच्या धर्तीवर त्यांनी बाहेरच्या ग्रहांतली प्रमाणे शोधली. त्या वाटेने अंतर आणि काळ मिळाला, पण दुर्बीण आकाशात कुठे रोखायची हे मिळाले नाही. त्यांचा दुसरा ग्रह ‘विष्णू’ कधीच सापडला नाही. अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेलने तर जागाही सांगितली होती आणि प्लुटो तिच्यापासून फार लांब निघाला नाही, तरी तोही योगायोगच ठरला. लॉवेलला पृथ्वीच्या सहा-सात पट वस्तुमानाचा ग्रह हवा होता. १९७८ मध्ये प्लुटोचा उपग्रह शेरन सापडला, त्याच्या गतीवरून प्लुटोचे वस्तुमान काढता आले आणि ते पृथ्वीच्या चारशेव्या भागाहूनही कमी भरले. एवढासा गोळा युरेनसला किंवा नेपच्यूनला हलवू शकत नाही. केतकरांना मान द्यायचा तर त्यांची पद्धत कुठे पोचली आणि कुठे थांबली हे सांगून द्यावा, तो जास्त टिकेल.

## ३. कारण

### शुक्र इतका तापलेला का?

शुक्राचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सियस, सर्व ग्रहांत सर्वाधिक. यावर वाचकाच्या मनात सहज येणारे कारण म्हणजे सूर्याशी जवळीक. पण बुध त्याहून जवळ आहे आणि शुक्राच्या जवळपास साडेतीन पट ऊन खातो, तरी त्याचे दुपारचे तापमान ४३० अंशांच्या आसपासच थांबते. अनेक याद्या इथवर येतात आणि ‘हरितगृह परिणाम’ असे लिहून थांबतात. खरी गंमत पुढे आहे.

शुक्राचे गंधकाम्लाचे ढग त्याच्यावर पडणाऱ्या उन्हातला सुमारे तीन चतुर्थांश भाग परतवून लावतात. उरलेल्याचा हिशेब केला तर दर चौरस मीटरला शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन शोषतो. कमी ऊन घेऊनही तिथे शिसे वितळेल एवढी उष्णता आहे. आत शिरलेली थोडी ऊर्जा बाहेर पडताना तिला ९६ टक्के कार्बन डायऑक्साइडचे, पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त दाबाचे वातावरण पार करावे लागते. हे मान्य व्हायलाही वेळ लागला. १९५६ मध्ये शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींनी प्रचंड तापमान सुचवले, तेव्हा त्या जमिनीतून येतात की वातावरणाच्या वरच्या थरातून, असा वाद झाला. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राजवळून गेले. ग्रहाच्या कडेला लहरी क्षीण होतात असे त्याने दाखवले, म्हणजे उगम खाली होता. डिसेंबर १९७० मध्ये सोव्हिएत व्हेनेरा-७ उतरले आणि प्रत्यक्ष जमिनीवरून तापमान कळले.

मग पृथ्वी अशी का झाली नाही? आपल्याकडेही साधारण तेवढाच कार्बन आहे, फक्त तो हवेत नाही. कोट्यवधी वर्षांत तो पाण्यात विरघळून चुनखडीच्या खडकांत बंद झाला आहे. शुक्राने पाणी गमावले आणि ही वाट बंद झाली. ‘सर्वांत उष्ण ग्रह’ या तीन शब्दांच्या नोंदीमागे आपल्या पायाखालच्या खडकांचा इतिहास आहे.

### आयोचे ज्वालामुखी

गुरूचा उपग्रह आयो हे सूर्यमालेतले सर्वांत जागृत ज्वालामुखी असलेले ठिकाण, हा आणखी एक विक्रम. आयो आपल्या चंद्रापेक्षा किंचितच मोठा आहे, म्हणजे कधीच थंड होऊन बसायला हवा होता. युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्याच उपग्रहांच्या नियमित ओढीमुळे त्याची कक्षा थोडी लंबगोल राहते, गुरूचे गुरुत्व कमीजास्त होत राहते आणि आयोचे अंग सतत दाबले-ताणले जाऊन आतून तापते. स्टँटन पील, पॅट्रिक कॅसेन आणि रे रेनॉल्ड्स यांनी हे गणित मार्च १९७९ च्या सुरुवातीला प्रसिद्ध केले. ५ मार्चला व्हॉयेजर-१ गुरूजवळून गेले. काही दिवसांनी लिंडा मोराबिटो यानाच्या एका छायाचित्रावर काम करत असताना तिला आयोच्या कडेवर छत्रीसारखा पसरलेला फवारा दिसला. कारण आधी छापून आले आणि ज्वालामुखी नंतर दिसला.

शनी पाण्यावर तरंगेल, हे वाक्य मात्र मी यादीतून खुशाल काढून टाकीन. त्याची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे ०.७ पट आहे एवढेच त्यात खरे. त्यातून शिकायचे असते ते हे की शनी मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा आहे. टबाच्या चित्रात ते बुडून जाते.

## आक्षेप

‘मुलांना आधी कुतूहल वाटू दे, कारणे नंतर.’ हा सर्वांत सहानुभूतीने घेण्याजोगा आक्षेप. पण त्यामागे असे गृहीत आहे की आकडा नवल देतो आणि कारण ते विरजते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘५९ दिवस’ सांगा आणि दोनदा उगवणारा सूर्य सांगा, तो पुढचा प्रश्न कशावर विचारील? ‘कसं कळलं?’ हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. उत्तर माहीत नसल्याने मोठी माणसे पुढच्या ग्रहाकडे वळतात.

‘परीक्षेत आकडाच विचारतात.’ विचारतात, आणि एका गुणासाठी चार पर्यायांतून दुसरे काही विचारणे अवघडही आहे. पण मग ती परीक्षेची तयारी झाली, तिला खगोलशास्त्राची ओळख म्हणायचे कारण नाही. आणि ‘शुक्राचा दिवस किती?’ असा प्रश्न विचारून २४३ आणि ११७ हे दोन्ही पर्याय दिले तर हुशार विद्यार्थ्याने काय करायचे, हेही प्रश्न काढणाऱ्याने एकदा सांगावे.

‘प्लुटोचे काय झाले पाहा, शास्त्रज्ञच मत बदलतात.’ याच आक्षेपासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ग्रहाची व्याख्या मंजूर केली आणि प्लुटो ग्रहांच्या यादीतून निघाला. त्या दिवशी प्लुटोविषयीचे एकही मापन बदलले नाही. बदलले ते आपले वर्गीकरण, तेही २००५ मध्ये एरिस सापडून नेपच्यूनपलीकडे जवळजवळ प्लुटोएवढेच गोळे आहेत हे लक्षात आल्यावर. सेरेसचे असेच झाले होते. १ जानेवारी १८०१ ला पियाझीने ती शोधली, काही दशके ती ग्रहांत मोजली गेली आणि आसपास तसेच आणखी गोळे सापडू लागल्यावर लघुग्रहांत गेली. उलट १९६५ मध्ये बुधाच्या बाबतीत मापन बदलले आणि जुने उत्तर चुकीचे ठरले. एका ठिकाणी आपण कप्पे बदलले, दुसऱ्या ठिकाणी चूक सुधारली. ज्याने फक्त यादी वाचली आहे त्याला हे दोन्ही बदल एकसारखे दिसतात आणि ‘यांचे काही खरे नाही’ असे म्हणायला तो मोकळा होतो. विज्ञानावरचा सरसकट अविश्वास बराचसा इथे तयार होतो असे माझे मत आहे.

‘प्रत्येक गोष्टीला कारण असतेच कुठे?’ हे बरोबर आहे. युरेनसचा आस सुमारे ९८ अंशांनी का कलला? एखादी प्रचंड टक्कर झाली असावी हा तर्क सर्वांत जास्त ऐकू येतो, पण निकाल लागलेला नाही. पण असा न सुटलेला प्रश्न यादीत ‘युरेनस आडवा फिरतो’ असा सुटलेल्या प्रश्नाच्या पोशाखात येतो. निकाल बाकी आहे हे लिहायला एक ओळ पुरते.

‘एवढे सगळे छापायला जागा कुठून आणायची?’ व्यावहारिक आक्षेप आहे, म्हणून व्यावहारिक उत्तर देतो. शनीचा दिवस घ्या. बहुतेक पुस्तिकांत १० तास ३९ मिनिटे असे असते. तो व्हॉयेजर यानांनी शनीच्या रेडिओलहरींवरून काढलेला आकडा. २००४ मध्ये कॅसिनी पोचले, त्याच पद्धतीने मोजले आणि काही मिनिटे जास्त भरली. एवढा ग्रह वीस-पंचवीस वर्षांत इतका मंदावणे शक्य नव्हते, म्हणजे रेडिओलहरी अंतरंगाचा वेग सांगतच नव्हत्या. शनीला ठोस जमीन नाही, ढग वेगवेगळ्या वेगाने वाहतात आणि चुंबकीय आस परिवलनाच्या आसाशी जवळजवळ जुळलेला असल्याने त्याच्या डुलण्यावरूनही हिशेब करता येत नाही. शेवटी शनीच्या पोटातल्या कंपनांमुळे त्याच्या कड्यांत उठणाऱ्या लाटा मोजून २०१९ मध्ये १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद हे उत्तर काढण्यात आले. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत यासाठी वेगळे पान नको. ‘शनीचा दिवस सुमारे साडेदहा तासांचा, जमीन नसल्याने कड्यांतल्या लाटांवरून मोजलेला’ एवढे बारीक टाइपात त्याच चौकटीत बसते.